साथीच्या काळात वाचनालय, नाटक, तमाशा आणि उत्सव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टाळेबंदी उठून काही वर्षं झाली. तरी वाचनालयांचे, नाट्यसंस्थांचे, गणेश मंडळांचे कार्यकर्ते एकत्र आले की बोलणं फिरून तिथंच येतं: पुन्हा अशी साथ आली तर आपण काय करायचं? त्या गप्पांमधून वरचेवर समोर आलेले प्रश्न इथं घेतले आहेत. उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रातल्या २०२० ते २०२२ या काळाच्या अनुभवावर उभी आहेत. मोठ्या शहरातल्या श्रीमंत संस्थेपेक्षा एक ग्रंथपाल, एक शिपाई आणि गळकं छप्पर असलेली संस्था डोळ्यांसमोर ठेवून ती लिहिली आहेत. सगळ्या उत्तरांमागे एकच क्रम आहे: आधी माणसं, मग संग्रह, मग कार्यक्रम. करोनात बहुतेक ठिकाणी हा क्रम नेमका उलटा झाला, असं माझं मत आहे.

बंदचा आदेश आला. पहिल्या दोन-तीन दिवसांत काय करायचं?

कोणते कार्यक्रम रद्द करायचे ही यादी थोडी थांबू शकते. आधी माणसांची यादी काढा. संस्थेमुळे ज्यांच्या घरी पैसे जातात ते सगळे त्यात हवेत: ग्रंथपाल, शिपाई, झाडलोट करणाऱ्या मावशी, रात्रीचा पहारेकरी, ध्वनी आणि प्रकाशाचं काम करणारे, तिकीट खिडकीवर बसणारे, मध्यंतरात वडे-चहा देणारे. प्रत्येकापुढे लिहा: कायम, रोजंदारी की प्रयोगागणिक. मार्च २०२० मध्ये सर्वांत आधी हात रिकामे झाले ते प्रयोगागणिक पैसे घेणाऱ्यांचे, आणि अनेक संस्थांकडे त्यांचे धड फोन नंबरही नव्हते.

त्यानंतर वास्तू. किल्ल्या कोणाकडे आहेत, मुख्य वीजजोडणी कोण बंद करणार, पावसाळ्यात आत जाऊन कोण बघणार हे ठरवा आणि त्या व्यक्तीसाठी स्थानिक प्रशासनाकडून प्रवासाची लेखी परवानगी मागा.

सभासदांना एकच संदेश पाठवा, पण स्पष्ट. ‘पुढील सूचनेपर्यंत बंद’ एवढ्यानं कोणाचंच समाधान होत नाही. वर्गणीचं काय, घरी असलेल्या पुस्तकांवर दंड लागेल का, काढलेल्या तिकिटाचे पैसे कधी मिळतील, या तीन प्रश्नांची उत्तरं त्यातच द्या.

२०२० ते २०२२ मध्ये महाराष्ट्रात काय कधी बंद होतं आणि कधी उघडलं?

१३ मार्च २०२० ला मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांतली नाट्यगृहं आणि चित्रपटगृहं बंद करण्याचा निर्णय झाला. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. ग्रंथालयं उघडायला परवानगी मिळाली ती १५ ऑक्टोबर २०२० पासून, म्हणजे वाचन प्रेरणा दिनी. नाट्यगृहं निम्म्या आसनांसह उघडायला परवानगी मिळाली ५ नोव्हेंबरला. तो मराठी रंगभूमी दिन. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं ती तारीख. परवानगी त्या दिवशी मिळाली तरी व्यावसायिक नाटकांचे पडदे वर जायला डिसेंबर उजाडला, कारण तालमी, तारखा आणि पैसे यांतलं काहीच तयार नव्हतं.

एप्रिल २०२१ मध्ये सगळं पुन्हा बंद. नाट्यगृहं परत उघडली २२ ऑक्टोबर २०२१ ला, तीही निम्म्याच आसनांसह. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनच्या लाटेत संग्रहालयं आणि किल्ले पुन्हा बंद झाले. सगळे निर्बंध उठले १ एप्रिल २०२२ ला.

हा क्रम सांगण्याचं कारण एवढंच, की ‘बंद’ आणि ‘चालू’ अशा दोनच अवस्थांचा विचार करून चालत नाही. संस्थांना खरा फटका दुसऱ्या बंदीनं दिला. पहिल्या वेळी थोडी शिल्लक होती, लोकांची सहानुभूती होती. दुसऱ्या वेळी दोन्ही आटलं होतं. आर्थिक नियोजन करताना दोन बंदी आणि मधला अर्धवट काळ धरूनच करा.

निम्म्या आसनांवर नाटकाचा प्रयोग परवडतो का?

साध्या गणितात परवडत नाही. समजा, नऊशे आसनांचं नाट्यगृह आहे. त्यातली साडेचारशेच विकायची. पण नाट्यगृहाचं भाडं निम्मं होत नाही, कलाकारांची नाइट (एका प्रयोगाचं मानधन) निम्मी होत नाही, बस आणि नेपथ्याचा टेम्पो निम्मा होत नाही, वर्तमानपत्रातली जाहिरात तर अजिबातच नाही. वर निर्जंतुकीकरणाचा खर्च वाढतो. तिकीट वाढवावं तर ५०० रुपयांच्या वर गेल्यावर वस्तू व सेवा कर लागतो, आणि त्या काळात प्रेक्षकाचाही खिसा रिकामाच होता.

तरीही प्रयोग झाले. ते का होऊ शकले, हे शिकण्यासारखं आहे. काही महापालिकांनी भाड्यात सवलत दिली. कलाकारांनी नाइट कमी केली. निर्मात्यांनी कमी पात्रांची, एकाच नेपथ्याची, लोकांना आधीच माहीत असलेली नाटकं पुढे काढली. नवीन नाटकाची जोखीम त्या वेळी कोणालाच पेलणारी नव्हती आणि त्यात काही चूक नव्हतं.

इथं एक आग्रहाची सूचना. नाइट कमी करायची वेळ आली तर वरून कमी करा. रंगमंच कामगार, वेशभूषा सांभाळणारे, रंगभूषाकार यांच्या पैशाला शेवटपर्यंत हात लावू नका. प्रमुख नटाकडे मालिका असते, जाहिरात असते. पडदा ओढणाऱ्याकडे दुसरं काही नसतं. करोनात या लोकांसाठी नाट्य परिषदेनं, निर्माता संघानं आणि कित्येक कलाकारांनी स्वतःहून मदत उभी केली, हे आपल्या रंगभूमीनं केलेलं सर्वांत चांगलं काम होतं. पण ती मदत दात्याच्या मनावर अवलंबून होती. त्यासाठी कायमचा निधी हवा. प्रत्येक तिकिटामागे एक-दोन रुपये बाजूला काढले तर तो नेहमीच्या दिवसांतच उभा राहू शकतो.

नाटक ऑनलाइन करावं का?

ऑनलाइनसाठीच बेतलेलं असेल तर जरूर. जुलै २०२० मध्ये हृषीकेश जोशी यांनी ‘मोगरा’ हे नाटक थेट ऑनलाइन सादर केलं. पाच अभिनेत्री आपापल्या घरी, प्रेक्षक आपापल्या घरी आणि प्रयोग मात्र जिवंत. तो प्रयत्न लोकांना भावला, कारण अंतर हीच त्यातली रंगमंचाची अट होती. ते लपवायचा प्रयत्न नव्हता.

याउलट जुन्या प्रयोगाचं मागच्या रांगेतून केलेलं चित्रीकरण तिकीट लावून दाखवण्यात अर्थ नाही. आवाज घुमतो, चेहरे दिसत नाहीत आणि पाहणारा पंधरा मिनिटांत उठतो. तरी अशा ध्वनिचित्रफिती जपून ठेवाव्यातच. अभ्यासकांसाठी त्या सोन्याच्या आहेत. ऑनलाइन दाखवण्याआधी लेखक, संगीतकार आणि कलाकार यांची लेखी परवानगी घ्या. रंगमंचावर करायची परवानगी म्हणजे प्रक्षेपणाची परवानगी नव्हे.

साथीत पुस्तकं घरपोच द्यायची का? परत आलेली पुस्तकं वेगळी ठेवावी लागतात का?

घरपोच द्यायला हरकत नाही, उलट द्यावीच. करोनाच्या सुरुवातीला परत आलेली पुस्तकं बहात्तर तास बाजूला ठेवायची पद्धत जगभर रूढ झाली. त्या वेळच्या माहितीनुसार ती योग्य सावधगिरी होती. पुढे लक्षात आलं की हा विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रानं सांगितलं, की दूषित पृष्ठभागाच्या एका स्पर्शातून लागण होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. तोवर आपल्याकडे कित्येक वाचनालयांची सगळी शक्ती पुस्तकं पुसण्यात गेली आणि देवघेवीच्या टेबलाजवळची बंद खिडकी बंदच राहिली.

पुढची साथ वेगळ्या जंतूची असेल, तिच्या प्रसाराचा मार्गही वेगळा असेल. म्हणून पहिले काही आठवडे जास्त सावध राहा आणि महिन्यातून एकदा नियम तपासा. एकदा लावलेला नियम कोणी काढतच नाही, ही आपल्या संस्थांची जुनी सवय आहे.

घरपोच सेवेचा एक साधा मार्ग असा: सभासदानं फोनवर दोन-तीन नावं सांगायची, ग्रंथपालानं त्यातलं उपलब्ध असेल ते पिशवीत घालून नाव लिहायचं, आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी भागातल्या कार्यकर्त्यानं पोचवायचं. ‘तुम्हीच काहीतरी निवडून द्या’ म्हणणारे सभासद खूप निघतात. चांगल्या ग्रंथपालाची खरी ओळख तेव्हा पटते.

पुस्तकांवर आणि वस्तूंवर सॅनिटायझर मारलं तर?

मारू नका. अल्कोहोलनं शाई पसरते, कागद आणि बांधणीचा डिंक खराब होतो. सोडियम हायपोक्लोराइटच्या फवाऱ्यानं धातूला गंज चढतो, दगड आणि रंग कायमचे बिघडतात. फवारा फरशीसाठी, तोही कापडावर घेऊन. वस्तूला हात लावायचा असेल तर हात साबणानं धुवा, पूर्ण कोरडे करा, एवढं पुरेसं आहे.

वास्तू अनेक महिने बंद राहिली तर आतल्या संग्रहाचं काय होतं?

बंद दारामागे संग्रह सुरक्षित आहे, या समजुतीनं फार नुकसान केलं. कोकणात आणि मुंबईत जूनपासून हवेतला दमटपणा सहज ऐंशी टक्क्यांवर जातो. तो पासष्ट-सत्तरच्या पुढे काही दिवस टिकला की बुरशीला आयतं घर मिळतं. वातानुकूलन बंद, खिडक्या बंद, पंखे बंद आणि वर्दळ नाही, म्हणजे कसर, वाळवी आणि उंदीर यांना कोणी हटकणारंच नाही. टाळेबंदी मार्चमध्ये लागली आणि वाचनालयं उघडली ऑक्टोबरमध्ये. अख्खा पावसाळा त्यात गेला.

म्हणून बंद काळातही आठवड्यातून एकदा एका माणसानं आत गेलंच पाहिजे. काय बघायचं? छताला ओल आहे का, भिंतीलगतच्या कपाटामागे हात घालून गारवा लागतो का, फळीवर बारीक भुसा पडला आहे का, कपाट उघडल्यावर कुबट वास येतो का. कोरड्या दिवशी समोरासमोरच्या खिडक्या दोन तास उघडायच्या, पावसाच्या दिवशी उघडायच्या नाहीत. दमटपणा मोजायचं छोटं यंत्र काही शे रुपयांत मिळतं, ते घ्याच. पुस्तकांची कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवली आणि सर्वांत खालची फळी रिकामी ठेवली, तरी अर्धं काम झालं.

बुरशी लागलेलं पुस्तक सापडलं तर तिथंच झटकू नका, बीजाणू सगळ्या खोलीत उडतील. कागदात गुंडाळून वेगळ्या खोलीत न्या, सावलीत वाळवा, मग मास्क लावून मऊ कुंचल्यानं साफ करा. कडक उन्हात ठेवायचा मोह होतो, पण जुना कागद त्यानं ठिसूळ होतो.

दुर्मिळ हस्तलिखितं आणि नियतकालिकांच्या बांधीव फायली कुठे आहेत याचा एक कागद किल्ल्या सांभाळणाऱ्याकडे असू द्या. पाणी शिरलं तर आधी काय उचलायचं हे त्याला कळलं पाहिजे.

वाचकांसाठी पुस्तकं स्कॅन करून व्हॉट्सॲपवर पाठवली तर चालतील का?

कॉपीराइट असलेली नाही. भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षं कॉपीराइट राहतो. ही मुदत संपलेलं साहित्य मोकळं आहे, ते खुशाल वाटा. संग्रहातल्या पुस्तकाची जतनासाठी डिजिटल प्रत करून ठेवायला विना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला कायदा मुभा देतो, पण जतन करणं वेगळं आणि सगळ्यांना पाठवणं वेगळं. टाळेबंदीत मराठी पुस्तकांच्या आणि मासिकांच्या पीडीएफ सर्रास फिरल्या. पाठवणाऱ्यांचा हेतू बहुधा चांगलाच होता. पण छापखाने बंद, दुकानं बंद, आणि त्यात उरलीसुरली विक्रीही गेली, तेव्हा त्याचा मार मराठी प्रकाशकांनाच बसला. एखाद्या पुस्तकाचं ऑनलाइन वाचन ठेवायचं असेल तर प्रकाशकाला एक फोन करा. तो बहुतेक वेळा आनंदानं हो म्हणतो.

तमाशा, दशावतार, कीर्तन असं फिरतं काम करणाऱ्यांनी काय करायचं? त्यांना तर वास्तूच नसते.

या प्रश्नावर मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण २०२० मध्ये सर्वांत कमी चर्चा यांचीच झाली.

तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि बुद्ध पौर्णिमेला संपतो. त्यातही कमाईचे खरे दिवस गुढीपाडव्यापासूनचे, गावोगावच्या यात्रा-जत्रांचे. पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावात फडांच्या, म्हणजे तमाशा मंडळांच्या, राहुट्या लागतात, गावकरी येऊन सुपारी देतात, म्हणजे कार्यक्रम ठरवतात, आणि वर्षाचा हिशेब त्या काही आठवड्यांवर बसतो. आता तारखा पाहा. २०२० चा पाडवा होता २५ मार्चला, म्हणजे देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस. २०२१ चा पाडवा १३ एप्रिलला आणि राज्यात कडक निर्बंध लागले १४ एप्रिलच्या रात्रीपासून. दोन वर्षं ओळीनं, नेमक्या पेरणीच्या दिवशी पाऊस फिरला. २०२२ ला पाडवा २ एप्रिलला आला आणि निर्बंध आदल्या दिवशी उठले, पण तोवर कित्येक फडांची माणसं पांगली होती.

फडमालक हंगामाआधी कलावंतांना उचल देतो आणि त्यासाठी स्वतः कर्ज काढतो. यात्रा रद्द झाली म्हणून सावकाराचं व्याज थांबत नाही. मोठ्या फडात शंभराच्या वर माणसं असतात: नाचणाऱ्या, गाणाऱ्या, ढोलकीवाले, सोंगाड्या, वगातली पात्रं, वाहनचालक, स्वयंपाकी, तंबू ठोकणारे. यांतल्या बहुतेकांचं कुठल्याच कार्यालयात नाव नसतं. राज्य सरकारनं २०२१ मध्ये सुमारे ५६ हजार कलावंतांना एकरकमी ५ हजार रुपये द्यायचं ठरवलं. मदत आली हे चांगलंच झालं. पण दीड वर्षाच्या उपासावर ५ हजार म्हणजे किती, हे फडातल्या कोणालाही विचारा.

आता संस्था म्हणून आपण काय करू शकतो? सर्वांत उपयोगी काम कागदाचं आहे. सरकारी मानधन असो की मदत, कलावंत असल्याचा पुरावा मागितला जातो: वयाचा दाखला, इतकी वर्षं काम केल्याची पत्रं, कार्यक्रमपत्रिका, फोटो, बँक खातं. फिरत्या कलावंताकडे नेमकं हेच नसतं. तुमच्या तालुक्यातल्या वाचनालयानं किंवा नाट्यसंस्थेनं शांततेच्या काळात आसपासच्या कलावंतांची नोंदवही तयार करावी आणि त्यांची कागदपत्रं पूर्ण करून द्यावीत. साथ आल्यावर ही धावपळ जमत नाही.

दुसरं काम यात्रा समित्यांचं. यात्रा रद्द झाली तरी ठरलेल्या सुपारीतली काही रक्कम फडाला द्यावी, पुढच्या वर्षीची आगाऊ म्हणून द्यावी. गावानं ठरवलं तर हे अवघड नाही. वर्गणी बहुधा जमलेली असते.

उत्सव रद्द करावा की त्याचं रूप बदलावं?

तिथी आणि संकल्प सोडू नये, गर्दी सोडावी, असं मला वाटतं. २०२० च्या गणेशोत्सवात सरकारनं सार्वजनिक मूर्ती चार फुटांपर्यंत आणि घरगुती दोन फुटांपर्यंत ठेवायला सांगितलं. लालबागचा राजा मंडळ १९३४ पासूनचं. त्यांनी त्या वर्षी मूर्तीच बसवली नाही आणि आरोग्य उत्सव म्हणून रक्तदान आणि प्लाझ्मादानाची शिबिरं घेतली. पुण्यात दगडूशेठ हलवाई गणपतीचा उत्सव नेहमीच्या मांडवाऐवजी मंदिरातच झाला. दोन्ही निर्णय मला योग्य वाटतात. कार्यकर्त्यांची फळी, वर्गणीचा हिशेब आणि दहा दिवसांची शिस्त मंडळांकडे तयारच होती, ती आरोग्याच्या कामाला लागली.

वारीची गोष्ट वेगळी आहे. वारीचा जीव चालण्यात आहे. त्या वर्षी देहू आणि आळंदीहून प्रस्थान मोजक्यांच्या उपस्थितीत झालं, पादुका देवळातच राहिल्या आणि ३० जूनला एसटीनं पंढरपूरला गेल्या. १ जुलैला आषाढी एकादशी. पुढच्या वर्षीही पालख्या एसटीनंच गेल्या. लाखो वारकऱ्यांनी घरात बसून नेम पाळला. कोणतंही थेट प्रक्षेपण त्या चालण्याची जागा घेऊ शकत नव्हतं, आणि संस्थानांनी तसा दावाही केला नाही. परंपरेची साखळी तुटू दिली नाही, एवढंच साधलं. तेवढंच साधण्यासारखं होतं.

संमेलन किंवा महोत्सव पुढे ढकलताना काय लक्षात ठेवायचं?

नवीन तारीख जाहीर करायची घाई करू नका. नाशिकचं ९४ वं साहित्य संमेलन मार्च २०२१ मध्ये व्हायचं होतं, ते झालं डिसेंबर २०२१ मध्ये. अध्यक्ष जयंत नारळीकर प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. शंभरावं नाट्य संमेलन मार्च २०२० मध्ये सांगलीला ठरलं होतं. जब्बार पटेलांच्या अध्यक्षतेखाली ते प्रत्यक्षात भरलं जानेवारी २०२४ मध्ये, पिंपरी-चिंचवडला. पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव डिसेंबर २०१९ नंतर रसिकांना भेटला तो डिसेंबर २०२२ मध्ये. गोव्याच्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवानं मधला मार्ग काढला: नोव्हेंबर २०२० चा महोत्सव जानेवारी २०२१ मध्ये, काही प्रत्यक्ष आणि काही ऑनलाइन. चित्रपटाला ते जमतं. ख्यालाच्या मैफिलीला जमेलच असं नाही.

‘अमुक दिवस आधी कळवू’ असं सांगा आणि तो शब्द पाळा. देणगीदारांना लेखी विचारा, पैसे परत हवेत की पुढच्या वर्षासाठी ठेवायचे. बरेच जण ठेवा म्हणतात, पण न विचारता ठेवलेले पैसे लोक विसरत नाहीत.

पगार आणि खर्च कसा भागवायचा?

अनुदानित वाचनालयांना सरकारी अनुदान हप्त्यानं मिळतं आणि ते उशिरा येण्याची सवय सगळ्यांना आहे. राज्यात अशी मान्यताप्राप्त वाचनालयं हजारोंनी आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचा कर्मचारी आधीच तुटपुंज्या पगारावर काम करतो. किमान सहा महिन्यांचा पगार मुदत ठेवीत वेगळा ठेवा आणि तो साथ, पूर किंवा आग यांशिवाय मोडायचा नाही असा कार्यकारिणीचा ठराव करून ठेवा.

बंद काळातली वर्गणी माफ करायची की नाही? माझं उत्तर: माफीचा पर्याय द्या, पण निवड सभासदावर सोडा. ‘ज्यांना शक्य आहे त्यांनी भरावी, ती पूर्ण कर्मचाऱ्यांच्या पगाराला जाईल’ असं लिहिलं तर लोक भरतात. आपला पैसा कोणाच्या घरी जातो हे त्यांना कळलेलं असतं.

पूर्वीच्या साथींमध्ये अशा संस्थांचं काय झालं होतं?

१८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग दिसला. करोनात वापरलेला साथरोग कायदा त्याच प्लेगसाठी १८९७ मध्ये झाला. पुण्यात प्लेगचा बंदोबस्त करायला नेमलेला इंग्रज अधिकारी रँड याच्या पथकांनी घरात घुसून केलेल्या तपासण्यांनी लोक संतापले, तर सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना त्याच साथीत गेल्या. त्या अंधारातही संस्था जन्मत होत्या. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना १८९८ ची, म्हणजे शहर प्लेगनं रिकामं होत असतानाची. मला हे फार मोठं वाटतं.

संस्थेची वास्तू आरोग्याच्या कामाला लागल्याचंही जुनं उदाहरण आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची इमारत १९१५ मध्ये पूर्ण झाली, पण संग्रहालय म्हणून ती उघडली १० जानेवारी १९२२ ला. मधल्या काळात तिथं बालकल्याण केंद्र आणि लष्करी रुग्णालय होतं.

प्रशासनानं आमचं सभागृह लसीकरणासाठी किंवा विलगीकरणासाठी मागितलं तर?

द्या. पण लेखी. कोणत्या खोल्या दिल्या, किती दिवसांसाठी, वीज-पाण्याचं बिल कोणाचं, परत देताना स्वच्छता आणि दुरुस्ती कोणाची, हे पत्रावर हवं. ताबा देण्याआधी प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो काढा. संग्रह असलेल्या खोल्या वेगळ्या कुलपात, किल्ली संस्थेकडे. ओली औषधफवारणी त्या भागात होणार नाही हेही पत्रात लिहा. लसीसाठी म्हणून पहिल्यांदाच वाचनालयाची पायरी चढलेली माणसं पुढे सभासद होऊ शकतात, तेव्हा दारात चार पुस्तकं मांडून ठेवायला विसरू नका.

सभागृहातली हवा सुरक्षित आहे हे कसं ओळखायचं?

कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र ठेवा. बाहेरच्या मोकळ्या हवेत आकडा चारशेच्या थोडा वर असतो. माणसं बसल्यावर आत तो हजाराच्या पुढे गेला की हवा पुरेशी बदलत नाही, असं समजा. जुन्या वाचनालयांची उंच छतं आणि समोरासमोरच्या खिडक्या या बाबतीत वरदान आहेत. वातानुकूलनासाठी त्या लाकडी फळ्यांनी बंद केल्या असतील तर आत्ताच उघडा, साथीची वाट कशाला बघायची?

ज्येष्ठ सभासद ऑनलाइन येत नाहीत. त्यांच्यासाठी काय?

फोन. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वाराला, ओळखीच्या आवाजात. औषधं आहेत का, पुस्तक हवं का, एवढं विचारायचं. दहा-दहा सभासद वाटून घेतले तर शंभर लोकांपर्यंत पोचायला दहा कार्यकर्ते पुरतात.

परदेशातल्या मराठी मंडळांशी याचा संबंध काय?

बराच आहे. त्यांचीही अधिवेशनं अडली. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं दर दोन वर्षांनी होणारं अधिवेशन २०२१ ऐवजी २०२२ मध्ये झालं. पण ऑनलाइन व्याख्यानांमुळे सांगलीच्या वक्त्याला न्यू जर्सीचा श्रोता मिळाला. हा धागा बऱ्याच संस्थांनी २०२२ नंतर सोडून दिला, याचं वाईट वाटतं. महिन्यातून एक व्याख्यान तरी ऑनलाइन चालू ठेवा. वेळ मात्र दोन्हीकडच्या घड्याळांचा विचार करून ठरवा.

कोणत्या नोंदी ठेवायच्या आणि किती काळ?

सभांचे ठराव, रद्द कार्यक्रमांची यादी, परत केलेले पैसे, कर्मचाऱ्यांना दिलेली रक्कम, आलेले सरकारी आदेश, दारावर लावलेल्या सूचना, व्हॉट्सॲपवर सभासदांना पाठवलेले संदेश. शेवटचे दोन प्रकार सर्वांत आधी हरवतात. संदेश छापून फाइलला लावा, फोन बदलला की ते जातात. हिशेबाची कागदपत्रं तुमचा लेखापरीक्षक सांगेल तितकी वर्षं, बाकी सगळं कायम. २०२० ते २०२२ ची ही फाइल तुमच्या संस्थेत अजून झाली नसेल तर या महिन्यात करा. त्या वेळचे चिटणीस, ग्रंथपाल आणि शिपाई यांना समोर बसवून त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करा, आणि शिपायापासून सुरुवात करा. बंद वास्तूत तोच जात होता.